भोंगा सरांचा हात

सातवी ब ला गणित शिकवणाऱ्या सरांना मुलं भोंगा म्हणत. सरांना ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. आवाजच तसा होता त्यांचा. आईला कमी ऐकू यायचं, त्यामुळे लहानपणापासून घरात ओरडून बोलायची सवय, आणि तीच पुढे पोटापाण्याला कामी आली. सरांनी तेराचा पाढा सुरू केला की वरच्या मजल्यावरची मुलंसुद्धा तो म्हणू लागत. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कुणाच्या अंगाला बोट लावलं नव्हतं. गरजच पडली नाही. नुसतं "ए!" म्हटलं की एकमेकांची कॉलर धरलेली पोरं जागच्या जागी थिजत. त्या एका अक्षराने किती पोरांची झोप उडाली असेल, याचा विचार सरांनी कधी केला नाही. ओरडणारे तो करत नाहीत.

मग शाळेत नवी पद्धत आली. ती घेऊन आला पांढऱ्या बुटांचा एक तरुण, ज्याने आयुष्यात सातवी ब चं तोंड पाहिलं नव्हतं. त्याने सगळ्या शिक्षकांना सभागृहात बसवलं आणि अगदी मऊ आवाजात सांगितलं, "वर्गात आवाज चढवायचा नाही. गोंधळ झाला की फळ्यासमोर उभं राहायचं, उजवा हात सरळ वर करायचा आणि गप्प राहायचं. मुलं बघतील, तीही हात वर करतील आणि शांत होतील. शेवटचा आवाज बंद होईपर्यंत हात खाली आणायचा नाही." हे शेवटचं वाक्य तो दोनदा म्हणाला. सरांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली रेघ मारली.

शेजारी बसलेल्या विज्ञानाच्या बाईंनी ती रेघ पाहिली. "अहो सर, हे ऐकायचं असतं, करायचं नसतं," त्या कुजबुजल्या. त्यांच्या वर्गात त्या दहा सेकंद हात वर करत, मग खाली आणून नावं लिहून घेत, आणि पद्धत छान चाललीय असं सगळ्यांना सांगत. सरांना मात्र ही लबाडी जमण्यातली नव्हती. गणिताच्या माणसाला कृती दिली की तो ती पायरी न पायरी करतो.

वर्षभरात तीन तपासण्या होणार होत्या. मुख्याध्यापिका कागद घेऊन मागच्या बाकावर बसणार आणि 'आवाज चढवला' या रकान्यात खूण करणार. तिन्ही वेळा खूण झाली तर वर्ग गेला. मग भांडार. भांडार म्हणजे जिन्याखालची बिनखिडकीची खोली. मागच्या वर्षी चित्रकलेच्या सरांना तिथे बसवलं होतं. ते खडूंच्या पेट्या देत, कोऱ्या वह्यांच्या गठ्ठ्यांवरची धूळ झटकत, आणि चुकून कुणी आलंच तर त्याला अर्धा तास सोडत नसत. या वर्षअखेरीला ते निवृत्त होणार होते. म्हणजे खुर्ची रिकामी होणार होती, आणि सरांच्या नोकरीची अजून चार वर्षं उरली होती.

पहिल्या तपासणीत सर सहा मिनिटं टिकले. दुसऱ्या वेळी अकरा, मग कुणीतरी भिरकावलेला कर्कटक फळ्यावर आपटला आणि सरांच्या तोंडून "ए!" निघालंच. दोन खुणा झाल्या.

त्यानंतर त्यांनी तोंडाला कुलूपच लावलं. आणि मुलांना त्यांचा खेळ सापडला. ओठ मिटून नाकातून बारीक 'म्म्म' करत राहायचं. कोण करतंय ते कळत नाही, पकडता येत नाही, आणि आवाज बंद झाला नाही तर भोंगा हात खाली आणत नाही. मागच्या बाकावर घड्याळ ठेवून वेळ मोजली जायची आणि बाकाच्या कडेवर पेन्सिलने आकडा लिहिला जायचा. नऊ. चौदा. एकोणीस. भोंगा हे नाव पडलं मागे, नवीन नाव आलं सिग्नल. अपूर्णांकांचा धडा तीन आठवडे एकाच पानावर होता.

"अहो, हात दुखतोय तर खाली घ्यायचा!" खांद्याला मलम चोळता चोळता बायको म्हणायची.

"शेवटचा आवाज बंद होईपर्यंत नाही घ्यायचा."

"आणि नाही झाला बंद तर?"

सरांनी मलमाची डबी तिच्याकडे सरकवली.

"तीस वर्षांत माझं एक ऐकलं नाहीत, आणि त्या पांढऱ्या बुटांच्या पोराचं बरं ऐकताय." तिने जरा जोरातच खांदा दाबला.

वर्गात एकच मुलगी पद्धत पाळायची. पहिल्या बाकावरची. तिची वेणी बाकावर बसल्यावर मागच्या बाकापर्यंत पोचायची, म्हणून पोरं तिला शेपटी म्हणत. सरांनी हात वर केला की लगेच तिचाही हात वर. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं, पण ती मागे वळून "अरे, गप्प बसा ना!" म्हणायची. एकदा वीस मिनिटांचा विक्रम होता होता तिच्या रडवेल्या चेहऱ्यामुळे दोघी-तिघी गप्प झाल्या आणि आवाज तुटला. त्या दिवसापासून वर्गाने तिच्यावर दात धरला. तिच्या डब्यात खडूची पूड पडू लागली. वहीची पानं चिकटू लागली. सरांना हे दिसत होतं. त्यांनी ठरवलं, एकदा तिसरी तपासणी होऊ दे, मग बघतो एकेकाला. तोवर पोरीने सोसावं, असं त्यांनी स्वतःशी म्हटलं नाही, पण अर्थ तोच होता.

तिसऱ्या तपासणीला मुख्याध्यापिका खिडकीजवळच्या मागच्या बाकावर बसल्या. सरांनी फळ्यावर उदाहरण लिहिलं आणि मागे 'म्म्म' सुरू झालं. सर वळले, हात वर केला. पहिल्या बाकावरचा हातही वर गेला. मुख्याध्यापिकांनी मान खाली घालून लिहायला सुरुवात केली.

दुसऱ्या बाकावरच्या मुलीने कंपासपेटीतून कात्री काढली. कागद कापायची छोटी, पिवळ्या मुठीची. तिने वेणी डाव्या हाताने अलगद उचलली आणि सरांकडे पाहिलं. चोरून नाही. सरळ. मग कात्री लावली.

घशात 'ए' तयार होता. तो सोडला असता तर कात्री तिथेच गळून पडली असती, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. पण त्यांना जिन्याखालची खोली दिसली. नुसतं पुढे चार पावलं टाकली असती तरी भागलं असतं. पद्धतीत फळ्यासमोरून हलायचं नव्हतं. केस दाट होते, कात्री बोथट. ती एकदा चालली, दोनदा चालली. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या मानेला ओढ बसली. तिला वाटलं असेल, नेहमीसारखंच कुणीतरी ओढतंय. ती हललीसुद्धा नाही. हात वर ठेवून तिने सरांकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत तिला दिसलं की मागे काहीतरी होतंय. पाचव्या फटक्याला वेणी सुटली.

वर्ग गपकन शांत झाला. मुख्याध्यापिकांनी मान वर केली तोवर कात्री कंपासपेटीत परत गेली होती. सरांनी नियमाप्रमाणे हात खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी मुलीची आई मुख्याध्यापिकांच्या खोलीत आली, सरांनाही तिथे बोलावलं गेलं. ती शिवणकाम करायची. तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेली वेणी टेबलावर ठेवली आणि उलगडली. मुलगी शेजारी उभी होती. केस कानापर्यंत कापून सारखे केलेले.

"मॅडम, मला कापलेलं कळतं," आई म्हणाली. "हे एका झटक्यात झालेलं नाही. कात्री बोथट होती, चार-पाच वेळा चालवलीय. एवढा वेळ कुणालाच दिसलं नाही?"

"मी लिहीत होते," मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्यांनी मुलीला विचारलं, "कुणी केलं बाळ?"

"माझी पाठ होती," मुलगी म्हणाली. "सरांना विचारा. सरांनी बघितलंय."

सगळे सरांकडे वळले. हो म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग थांबवलं का नाहीत? त्याचं उत्तर जगात कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

"माझं लक्ष नव्हतं," सर म्हणाले. आवाज इतका बारीक होता की आईने पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

आईने वेणी परत गुंडाळली. मुलगी सरांकडे बघत राहिली. आई दाराशी जाऊन "चल गं" म्हणाली तरी बघत होती. त्या गेल्यावर मुख्याध्यापिकांनी फाइल काढली. "वाईट झालं. पण एक सांगू का सर? काल एकदाही आवाज नाही चढवलात तुम्ही. खूण नाही केली मी." त्या हसल्या. "वर्ग तुमचाच."

सरांना आनंद झाला. लाज वाटली ती नंतर, जिना उतरताना. आधी आनंदच झाला, आणि हे त्यांना स्वतःपासूनही लपवता आलं नाही.

सरांनी कुणाचं नाव घेतलं नाही, ही बातमी सातवी ब ला त्यांच्या आधी पोचली होती. सर वर्गात शिरले तेव्हा पोरं उभी राहिली, कधी नव्हे ती नीट. दुसऱ्या बाकावरच्या मुलीने तर पुढे येऊन फळा पुसून दिला आणि "सर, खडू आणू?" म्हणून विचारलं. सर आता त्यांच्यातले झाले होते. सरांनी थोड्या वेळाने, सवयीनेच, हात वर केला. सदतीस हात एकदम वर गेले. नाकातला आवाज नाही, बाकाची करकर नाही. पांढऱ्या बुटांच्या तरुणाने पाहिलं असतं तर फोटो काढला असता.

मग पहिल्या बाकावरून 'म्म्म' आलं.

तिचा हात बाकावर होता. ओठ मिटलेले, डोळे सरांच्या डोळ्यांत. ती श्वास घ्यायला थांबायची आणि पुन्हा सुरू करायची. मागून कुणीतरी दबक्या आवाजात "ए शेपटी, गप्प!" म्हटलं. तिने ऐकलंच नाही. 'ए' म्हणायचा हक्क सरांना आता उरला नव्हता, आणि शेवटचा आवाज अजून बंद झाला नव्हता. सर हात वर करून उभे राहिले. मागच्या बाकावर कुणीतरी घड्याळ काढून ठेवलं.

एकोणीस मिनिटं झाली तेव्हा सरांचा खांदा थरथरू लागला. तास संपायला अजून बारा मिनिटं होती.