समुद्रतळाच्या औषधासाठी ताईचा अर्ज

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आई नेहमी म्हणायची आणि मला राग यायचा. आई बरोबर होती. त्या शनिवारी मी तोंड बंद ठेवलं असतं, तर ताईचे दोन महिने फुकट गेले नसते.

मी नोएडातल्या एका खाजगी प्रयोगशाळेत काम करते. खोल समुद्रातून काढलेले स्पंज आमच्याकडे बर्फात पॅक होऊन येतात. आंघोळीचा स्पंज नव्हे, जिवंत प्राणी. दिसायला सडक्या भोपळ्याच्या फोडीसारखा. त्याला पळता येत नाही, चावता येत नाही, म्हणून तो अंगात विष बनवतो आणि त्यावर तग धरतो. त्या विषात कुठे औषध दडलंय का, हे आम्ही शोधतो. किलोभर स्पंज वाटून, गाळून शेवटी नखावर मावेल एवढी पावडर हाती लागते. ती पातळ करून कॅन्सरच्या पेशींवर घालायची आणि तीन दिवस थांबायचं.

ताई, माझी थोरली बहीण, दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये एकटी राहायची. लग्न केलं नाही; केंद्र सरकारच्या एका ऑफिसात हयात गेली, रिटायरमेंटला एक वर्ष उरलं होतं. तिला अंडाशयाचा कॅन्सर होता. एकदा बरा होऊन तो उलटला होता आणि पुन्हा केमो सुरू झाली होती. दोन केमोंमध्येच ती इतकी गळून गेली की चहाचा कप दोन्ही हातांनी उचलायची.

अशात आमच्या एका प्लेटमधल्या कॅन्सरच्या सगळ्या पेशी मेल्या. मी शुक्रवारी ते पाहिलं आणि शनिवारी मेट्रो पकडून थेट ताईकडे गेले. "अगं, तुझ्यासारख्याच एका बाईच्या गाठीतून वाढवलेल्या पेशी होत्या," मी म्हटलं. "तीन दिवसांत साफ." स्वतःला शास्त्रज्ञ म्हणवते मी, आणि बाजारात तुरी असताना घरी वरण शिजवून मोकळी झाले. ताई उशीला टेकून उठून बसली. कितीतरी दिवसांनी तिने प्रश्न विचारले. हे औषध कुठं मिळतं, मंजुरी कोण देतं. "वेळ लागतो गं," एवढंच मी म्हटलं. किती वर्षं, ते म्हटलं नाही.

पुढच्या शनिवारी तिने माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. आमच्या डायरेक्टरांच्या नावे अर्ज होता. विषय, संदर्भ, रिपोर्टांच्या साक्षांकित प्रती, सगळं जिथल्या तिथे. सदर औषध मला सहानुभूतीच्या आधारावर मिळावे, अशी विनंती. हसावं की रडावं ते कळेना. सरकारी नोकरीत जन्म काढलेल्या माणसाची एकच श्रद्धा असते: अर्ज नियमात बसला आणि योग्य टेबलावर पोचला, की काम उशिरा का होईना, होतं. औषध असं काही नव्हतंच, तर कुठलं टेबल? नाही म्हणायचं, एवढंच माझं काम होतं. मी म्हटलं, "देते साहेबांना," आणि पाकीट बॅगेत टाकलं.

मग दर शनिवारी तेच. "काय झालं गं?" "साहेब टूरवर आहेत." "अच्छा, म्हणजे पेंडिंग आहे." "हो, पेंडिंग."

दरम्यान आम्ही तीच पावडर निरोगी पेशींवर घालून पाहिली. त्याही मेल्या, तेवढ्याच लवकर. त्या विषाला आपला-परका कळत नव्हता. ते यादीतून बाद झालं. मी ताईला सांगितलं नाही. केमो चालूच आहे, मनाला तेवढाच आधार, अशी मी माझीच समजूत काढली. केमोला ऑफिसातली मैत्रीण बरोबर येते, तू सुट्ट्या घालवू नकोस, असं तिने सांगितलं होतं. मीही सुटल्यासारखी झाले, खोटं कशाला बोलू.

दोन महिन्यांनी एका शनिवारी तिच्या डोक्यावरचा स्कार्फ सरकला. खाली बारीक केस उगवले होते. मला इतका आनंद झाला की मी त्यांवरून हात फिरवला. आणि मग हात तिथेच थांबला. केमो चालू असताना केस कसे येतील?

"ताई, शेवटची केमो कधी घेतलीस?"

"अर्ज दिला त्याच्या आधी," ती म्हणाली. "एक अर्ज विचाराधीन असताना दुसरी ट्रीटमेंट कशी चालू ठेवायची? तेच कारण दाखवून परत पाठवतील. मी स्वतः पाठवलेत असे कितीतरी."

मी सगळं सांगून टाकलं. पाकीट अजून बॅगेत होतं, तेही दाखवलं. ती एक शब्द रागाने बोलली नाही. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

सोमवारी मी तिला हॉस्पिटलमध्ये नेलं. पोटात पाणी झालं होतं. डॉक्टरांनी स्कॅन बघितला आणि आता तिला केमो झेपणार नाही म्हणाले.  घरी आल्यावर ताई म्हणाली, "माझ्या अर्जाचं उत्तर दे. लेखी."

"ताई, प्लीज."

"तोंडी नकाराला काही अर्थ नसतो. कागद लागतो."

मी इंग्रजीत लिहायला बसले, जमेना. मग तिच्याच जेवणाच्या टेबलावर मराठीत लिहिलं: आपला अर्ज मिळाला. आपण मागितलेले औषध सध्या उपलब्ध नाही, हे खेदाने कळवत आहे.

ताईने चष्मा लावला, वाचलं, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि 'सध्या'वर आडवी रेघ मारली.

"हा शब्द घालू नये," ती म्हणाली. "माणूस वाट बघत बसतं."

कागद तिने सहीसाठी माझ्याकडे सरकवला. मी सही केली.