वासवाल्यांचं नाक

गॅसला मुळात वास नसतो, हे कितीजणांना ठाऊक असतं? तो घाणेरडा वास मागून मिसळावा लागतो, गळती कळावी म्हणून. तर आमच्या कारखान्याच्या गॅसला तो दिला आपल्या वासवाल्यांनी. एवढा मोठा रसायनतज्ज्ञ, पण कामगारांनी नाव ठेवलं ते हे!

गळतीत एका कामगाराचा जीव गेला, तेव्हापासून त्यांनी ध्यास घेतला. झोपेतला माणूससुद्धा नाक मुरडून उठेल, असा वास हवा होता. गंधकाच्या बाटल्यांत नऊ वर्षं नाक खुपसलं. शेजारी भांडायला यायचे, धोबी कपडे घेईना. आणि नवव्या वर्षी एका सकाळी चहाला वासच नाही. साबणाला नाही, बाटलीला नाही. नाक गेलं ते गेलंच.

पण सांगतो कोण? झाकली मूठ सव्वा लाखाची. मग ते वासात बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या डबीतून घरी आणू लागले. बायको एकेक हुंगायची. एके दिवशी ती "शी! आई गं!" करत थेट गॅलरीत पळाली. तोच वास ठरला. मानपत्रावर नाव त्यांचं, नाक तिचं. पुढे तीस वर्षं तिनं पोटच्या मुलीलासुद्धा पत्ता लागू दिला नाही. दूध करपलं की ती चारचौघांत नुसती खोकायची. तेवढ्यानं ते उठून गॅस बंद करायचे.

आता ती गेली, त्याला महिना झाला. वासवाल्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आतही काही हललं नाही, नाकासारखंच सगळं बधिर. कळत होतं ते एवढंच, की राहायचं तर याच घरात.

"बाबा, माझ्याकडे चला," लेक म्हणाली.

"मला काय धाड भरलीय?"

"परवा गॅस उघडा राहिला होता. तुम्ही शेजारी पेपर वाचत बसलेले! मी आले नसते तर?"

"सर्दी झाली होती मला."

"बरं. सर्दी गेली असेल तर राहा. नाहीतर उद्या निघायचं."

एवढं बोलून ती आईचं कपाट आवरायला लागली. तिनं शाल बाहेर काढली तशी वासवाल्यांनी ती ओढून घेतली, तोंडाला लावली आणि खोल श्वास घेतला.

"अजून तुझ्या आईचा वास येतो बघ हिला. सर्दी पळाली माझी!"

लेकीचा चेहरा उजळला. तिनंही शाल नाकाशी नेली आणि तशीच थांबली.

"बाबा, यात मीच डांबरगोळ्या घातल्यात, आठवड्यापूर्वी. डोळ्यांत पाणी येतंय नुसतं."

वासवाल्यांनी नकळत नाक चोळलं.

"कधीपासून वास येत नाही?" लेकीनं विचारलं.

"तू दोन वर्षांची होतीस."

"आणि आईला..."

"तिच्याच नाकावर तर चाललं सगळं."

लेक शाल घेऊन पलंगावर बसली. राग यायला हवा होता, पण रडूच आलं. वासवाले शेजारी उभे राहिले. तिच्या डोक्यावर हात ठेवावा, हे त्यांना बऱ्याच वेळानं सुचलं.

"नीट बघ ना गं," ते म्हणाले. "डांबरगोळ्यांच्या खाली तिचा येतो का?"

लेकीनं शालीत पुन्हा तोंड खुपसलं. बराच वेळ.

"येतो. राहा तुम्ही इथंच, डबा मी पाठवीन," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवला.