सतरा नंबरचा आंबा

कोल्हापूर सोडले तेव्हा अंगावर शाल होती. फोंडा घाट उतरेपर्यंत ती पिशवीत गेली. त्याच पिशवीत दादाने दिलेला नकाशा होता. माझा हा थोरला भाऊ टपाल खात्यात होता आणि त्याच्या निवृत्तीला दीड वर्ष उरले होते. दम्याने तो बेजार असे आणि समुद्राची हवा मानवेल असे डॉक्टर म्हणत. मालवणच्या जवळ समुद्राकाठच्या एका सड्यावर (कातळाचे उघडे माळरान) बंगल्यांसाठी प्लॉट पाडणार असे कळल्यावर त्याने सतरा नंबर नोंदवून टाकला. जागा पाहून संमतिपत्रावर सही करायची होती. घाटातला प्रवास त्याच्या छातीला झेपणार नव्हता. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते, नाताळची सुट्टी होती, म्हणून त्याचे अधिकारपत्र घेऊन मी निघाले.

वाटेत कट्टा गावाला एस.टी. बराच वेळ थांबली. शेजारी काजूबियांचे गाठोडे घेऊन बसलेल्या आजोबांनी विचारले, "खंय जातास गो बाय?"

मी गावाचे नाव सांगितले, प्लॉटचेही सांगितले.

"त्या सड्यार? थंय पाणी खंय आसा?" एवढे बोलून ते डोळे मिटून बसले.

मालवणहून पुढचे दोन कोस बैलगाडीने गेले. उतरायची सोय आबा मास्तरांकडे होती. ते माझ्या मुख्याध्यापिकेचे मामा, गावच्या शाळेतून निवृत्त झालेले. मामींनी केळीच्या पानावर घावणे (तांदळाच्या पिठाचे जाळीदार धिरडे) वाढले आणि वर गूळ घातलेला नारळाचा रस ओतला. तो पानावरून माझ्या लुगड्यावर कधी आला ते मला कळलेच नाही. मामी म्हणाल्या, "नवीन माणसाचा असाच होता. धुतला की जाता." मग आणखी एक घावणे वाढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा मला सड्यावर घेऊन गेले. चढणीवरच माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चप्पल हातात घेऊन अनवाणीच वर पोचले आणि तशीच उभी राहिले. खाली डाव्या हाताला खाडी समुद्राला मिळत होती. हिरवे पाणी आणि निळे पाणी यांमधली रेघ स्पष्ट दिसत होती. दूरवर सिंधुदुर्गाचा तट पाण्यातून वर आल्यासारखा दिसत होता. वर्गात मी कितीदा तरी फळ्यावर किनारा काढला आहे. त्याला वास असतो, आवाज असतो, हे मी मुलींना कधी सांगितले नव्हते.

चुन्याने रंगवलेल्या दगडांवर नंबर घातले होते. सतरा नंबर अगदी कड्याच्या टोकाला, सर्वांत चांगला. आणि त्याच्या मधोमध, कातळाच्या फटीत मुळे रोवून, एक प्रचंड रायवळ आंबा उभा होता. नकाशावर त्या ठिकाणी बंगल्याचा चौकोन होता.

झाडाखाली गेले तर पायाला काही टोचले. वाकून पाहते तो हाडे. माशांची डोकी, खेकड्यांच्या नांग्या, आणि पांढरे शुभ्र मणके ओवलेल्या माळा. एक माळ माझ्या हाताएवढी लांब होती.

"समुद्रसर्प," आबा म्हणाले. "वर बघा."

शेंड्याजवळ काटक्यांचे घरटे होते, दोन माणसे मांडी घालून बसतील एवढे. गवत कापायला आलेली एक बाई भारा टाकून आमच्याजवळ आली. तिचे नाव सुभद्रा, घर सड्याच्या पायथ्याशी, असे आबांनी सांगितले.

"मी लगीन होवन इलय, तेव्हापासून ही जोडी हयच आसा," ती म्हणाली. "माझी सासू पण हेंका बघी. रापणकार हेंका बघून जाळा टाकतत. पिल्लू आसा वर. गप रवा, इलो बघा."

समुद्राच्या बाजूने तो येत होता. समुद्रगरुड. पंख हलत नव्हते. दोन्ही बाजूंना किंचित वर उचललेले, राखाडी, आणि पोट इतके पांढरे की उन्हात डोळे दिपावेत. पायांत साप लोंबत होता आणि अजून वळवळत होता. आमच्या डोक्यावरून गेला तेव्हा त्याची सावली माझ्या अंगावरून सरकली आणि पिसांतून वाऱ्याचा सूं आवाज आला. तो घरट्यावर उतरला. आतून चिरका आवाज उठला. मी वर बघत उभी होते. किती वेळ, कोण जाणे. आबांनी खांद्याला हात लावला तेव्हा भानावर आले.

सुभद्रेने विचारले, "ह्या झाड तोडूचा आसा म्हणतत. खरा काय ता, बाई?"

मी हातातल्या नकाशाची घडी घातली. ज्याच्या घरासाठी ते तोडायचे होते त्याचीच मी बहीण होते.

तिसऱ्या दिवशी प्लॉटची देखरेख करणारे ओव्हरसियर आले. बरोबर कुऱ्हाडी घेतलेले दोन गडी होते. गृहस्थ सभ्य होते. माझ्यासाठी त्यांनी गावातून खुर्ची मागवली होती. संमतिपत्र पुढे करून म्हणाले, "इथे सही करा. आजच झाड उतरवून घेतो. पुढच्या आठवड्यात विहिरीचे सुरुंग लावायचे आहेत."

"वर पिल्लू आहे," मी म्हणाले.

"पक्षीच तो. दुसरे झाड बघेल."

"त्याला अजून उडता येत नाही."

ते हसले. "बाई, तुमच्या बंधूंची तब्येत महत्त्वाची की घारीचे पिल्लू?"

हा प्रश्न खोटा नव्हता. रात्ररात्र उशीला टेकून बसलेला दादा मी पाहिला होता. पण मान वर केली तर तो गरुड फांदीवर बसलेला होता आणि सरळ आमच्याकडे पाहत होता.

"सही केली नाही तर?"

"मग झाडाला हात लावता येणार नाही. प्लॉट तुमचा आहे."

"मग मी सही करत नाही. आणि सुरुंगही पिल्लू उडेपर्यंत थांबवा. तसे मी लेखी देते."

त्यांनी कागदाची घडी केली. सुरुंगांचे आपण ठरवू शकत नाही, वर कळवतो, एवढेच म्हणाले. गडी मात्र कुऱ्हाडी खांद्यावर टाकून लगेच उतरणीला लागले. त्यांतला एक जाताना झाडाला नमस्कार करून गेला. सुभद्रा भारा बांधता बांधता म्हणाली, "बरा केल्यात." मला मात्र तेव्हा बरे वाटत नव्हते. दादाचे घर मी त्याला न विचारता मोडले होते.

परतीच्या एस.टी.त सारा वेळ वाक्ये जुळवत होते. घाटात शाल पुन्हा अंगावर आली, तरी एकही वाक्य धड जुळले नव्हते.

दादा दारातच उभा होता. मी पिशवीही न ठेवता सगळे सांगितले: साप, सावली, कुऱ्हाडी, न केलेली सही. तो कॉटवर बसून ऐकत राहिला. मधे त्याला खोकल्याची उबळ आली, तेव्हा मी थांबले. शेवटी म्हणाला, "म्हणजे घर नाही."

"तिथे नाही."

त्याने माझ्या हातातली पिशवी घेऊन खाली ठेवली. मग विचारले, "पंख केवढे होते?"

मी दोन्ही हात पसरून दाखवले. "याहून मोठे."

दादा उठला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने आपलेही हात पसरले. त्या अरुंद खोलीत आमच्या बोटांची टोके दोन्हीकडच्या भिंतींना लागत होती.

"एवढे?" तो म्हणाला.