माशांच्या खोलीतला नंदादीप

“मॅडम, सही करा. पावणं बाहेर दोन चहा पिऊन बसलेत.”

हा अभिजित, आमच्या लॅबचा मालक. कॉलेजात मी त्याला झूलॉजी शिकवलं. आता मी निवृत्त, आणि त्याच्याच लॅबमध्ये वर्षावर्षाच्या एक्स्टेंशनवर. चारचौघांत मी त्याला साहेब म्हणते. एकटा सापडला की अरे-तुरे.

पावणं म्हणजे पेठ वडगावचे कारखानदार. उसावर मारायचं नवं औषध त्यांनी काढलं होतं. ते ओढ्यात उतरलं तर माशांना बाधेल का, एवढंच आम्हाला सांगायचं होतं. हे आम्ही झेब्राफिशच्या पिल्लांवर तपासतो. जिऱ्याएवढी, आरपार दिसणारी पिल्लं. उजेडात ती निवांत असतात. एकदम दिवा घालवला की सैरावैरा पळतात. कॅमेरा अंधारातही ती पळापळ टिपतो. काही पिल्लं साध्या पाण्यात ठेवतात, तो कंट्रोल. औषधातली पिल्लं कंट्रोलइतकीच पळाली, तर औषध पास.

या वेळी दोन्ही गट सारखेच निघाले. कुणीच पळालं नव्हतं.

“फरक नाही, म्हणजे पास,” अभिजित म्हणाला.

“अरे, अख्खा वर्ग नापास झाला तर त्याला ‘सगळे सारखे हुशार’ म्हणतोस होय?”

तेवढ्यात पावणं आत आले. “मासं जित्तं हाईत की, मॅडम! मग अडलंय कुठं?”

“जित्ती मी पण हाय. म्हणून काय तालमीत उतरू?”

अभिजितनं आवाज खाली आणला. “एक्स्टेंशनचा कागद माझ्या टेबलावर आहे, मॅडम.”

तिशीतली मी असते तर तिथंच सही केली असती. तेव्हाच्या या बाईसाहेबांची वेणी कमरेपर्यंत होती आणि कणा जेमतेम मानेपर्यंत. सर दुपारी ‘गुड मॉर्निंग’ म्हणाले तर हीही मॉर्निंग म्हणायची! आता वेणी गेली. मी पेनाला टोपण घातलं आणि माशांच्या खोलीत गेले.

दार उघडलं आणि डोळे दिपले. तिथं टायमर आहे, दिवसा दिवे लावतो, रात्री घालवतो. पण मी रजेवर असताना पिल्लांच्या रॅकवर देवीचा फोटो आला होता. पुढं नंदादीप, फोटोभोवती लखलखती एलईडीची माळ.

“आईनं बसवलंय,” मागोमाग आलेला अभिजित म्हणाला. “सगळ्यात स्वच्छ खोली हीच. आणि नवरात्रभर दिवा अखंड लागतो ना.”

“अरे, ही पिल्लं याच उजेडात अंड्यातून बाहेर आली. त्यांनी रात्र बघितलीच नाही. त्यांचं आतलं घड्याळ बिघडलंय. कंट्रोलच बिघडला, आता औषधाची तुलना कशाशी करणार?”

“म्हणून ऐन नवरात्रात दिवा विझवणार? तुमचाही उपास आहे ना?”

“विझवतंय कोण? हलवते.”

माळेचा प्लग उपसला. फोटो अभिजितच्या हातात दिला, पेटता दिवा मी घेतला आणि निघाले रिसेप्शनकडे. वाटेत पावणं आडवे उभे होते. दिवा बघून त्यांचे हात आपोआप जोडले गेले आणि वाट मोकळी झाली.

“आई विचारेल,” अभिजित पुटपुटला.

“सांग, देवीला भेटायला लोक हवेत. मासे पाया पडत नाहीत.”

नवी अंडी घेतली. दिवसा उजेड, रात्री मिट्ट अंधार. पुन्हा चाचणी. दिवा घालवला आणि कंट्रोलची पिल्लं अशी उधळली की मलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. औषधातली जागची हलली नाहीत. रिपोर्टवर तेच लिहिलं आणि लगेच सही ठोकली.

“म्हातारी लई खडूस हाय,” म्हणत पावणं आपला औषधाचा कॅन घेऊन गेले. अजून फिरकले नाहीत. मला एक्स्टेंशन मिळालं, पण अर्ध्या वेळेचं. दुपारी घरी पडदे ओढून झोपते.

चाचणीत काहीच फरक दिसला नाही तर खूश होण्याआधी कंट्रोलकडे बघावं. आणि सही मागणारा घाईत असेल, तर दोनदा बघावं.