कापलेला कोपरा

या वर्षी तुम्हा दोघा नातवंडांच्या वाढदिवसाला माझं कार्ड आलं नाही. व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत तेव्हा मी डोळे दुखताहेत असं सांगितलं. ते खरं नव्हतं. उन्हाळ्यापासून मी एकही कार्ड केलेलं नाही; का, ते आता लिहिते.

कागदाच्या बारीक पट्ट्या सुईभोवती गुंडाळून फुलं करायला मी निवृत्तीनंतर शिकले. गुंडाळी सैल सोडली की उलगडते, घट्ट ओढली की कागद फाटतो. डिंक वाळेपर्यंत ती बोटांच्या चिमटीत धरून मनात साठ आकडे मोजायचे. चाळिसाला सोडलं तर फूल चेपतं आणि मग त्याचं काही होत नाही.

या उन्हाळ्यात अक्काला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, देवळ्याजवळ शेतावर मुलासुनेकडे राहते. वडिलांनी मला इथे नाशिकला काकांकडे ठेवून इंग्रजी शाळेत घातलं. अक्काची शाळा मात्र चौथीत सुटली. आता तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय, त्यामुळे वाचायचं म्हटलं की कुणीतरी लागतं. म्हणून मी असं कार्ड करायचं ठरवलं, जे तिला बोटांनी कळेल. हरभऱ्याएवढे झेंडू, पंच्याहत्तर. दिवसाला चार व्हायचे, फार तर पाच. तीन आठवडे लागले.

शेवटच्या दिवशी उजव्या कोपऱ्यात डिंकाचा थेंब पडला आणि डाग राहिला. नवा कागद घेऊन सगळी फुलं अलगद उचलून पुन्हा लावणं, हा खरा उपाय. त्याला आणखी दोन दिवस गेले असते. माझा धीर तिथे संपला. मी पट्टी ठेवली आणि तो कोपरा तिरपा कापून टाकला. अगदी सरळ रेषेत. बरं दिसतंय, असंही वाटलं. दुपारी पोस्टात जाऊन पाकीट टाकून आले.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला भाच्याचा, म्हणजे अक्काच्या मुलाचा, फोन आला.

"मावशी, आई तिकडं आली का?"

"नाही रे. का?"

"आम्ही दोघं कांदा घेऊन मार्केटला गेलो व्हतो. आता आलो तर घराला कुलूप. तिचा फोन खाटेवर, नंबर लावायला तिला कुणीतरी लागतंच. मोरीत ओलं लुगडं पडलंय, डोक्यावरून अंघोळ केलेली दिसती. सकाळीच तर झाली व्हती अंघोळ. आणि तुमचं पाकीट बाहेर खिडकीच्या गजात खोचलंय, पोस्टमन कालचं टपाल सकाळी जाता जाता देऊन गेला असंल. घरात का नाय घेतलं, काय कळंना."

मी उभी होते ती खाली बसले.

तुम्हाला हे माहीत असायचं कारण नाही. पूर्वी कुणी गेल्याचं कार्ड पाठवताना त्याचा एक कोपरा फाडत, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही हात लागताच कळावं. असं कार्ड उंबऱ्याच्या आत आणत नसत. घरातली माणसं आधी डोक्यावरून पाणी घेत. भाच्याला हे ठाऊक नव्हतं. मला होतं. लहानपणी आमच्या आईला असं कार्ड पत्र्याखाली खोचताना मी पाहिलं होतं, आणि कात्री चालवताना त्यातलं काहीही मला आठवलं नव्हतं.

"पाकीट उघडं आहे का?" मी विचारलं.

"अर्धवट. कोपरा तेवढा बाहेर आलाय."

"कापलेला?"

"हां. डिझाइन हाय ना ते?"

त्याला काय सांगितलं ते मला आठवत नाही. तो मोटरसायकल घेऊन स्टँडवर गेला आणि दहा मिनिटांत त्याचा पुन्हा फोन आला: एक म्हातारी बाई नऊच्या नाशिक गाडीत बसली, चढताना रडत होती. गेल्या वर्षीच अक्काच्या हृदयात स्टेंट बसवलाय. अडीच तासांचा रस्ता, एक डोळा, हे ऊन, आणि मनात माझं कार्ड.

मी तुमच्या आजोबांना सगळं सांगितलं.

"म्हणजे तिच्या लेखी मी गेलोय?"

"तुम्ही, नाहीतर मी."

"मग दोघंही फाटकात उभे राहू. लांबूनच दिसू तिला."

आम्ही सोसायटीच्या फाटकात, भर उन्हात, शेजारी शेजारी उभे राहिलो. प्रत्येक रिक्षा आली की मी आत वाकून पाहायचे. साडेअकरा होऊन गेले तरी अक्का नव्हती. वाटेत कुठे उतरवून दवाखान्यात नेलं असेल, या विचारापुढे माझं डोकं चालेना.

पावणेबाराला एक रिक्षा थांबली. अक्का उतरली आणि दांडीला धरून तशीच उभी राहिली. केस अजून ओलसर होते. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे, मग परत माझ्याकडे.

"दोघंही?"

"दोघंही, अक्का."

"मग कोन गेलं?"

"कोणी नाही."

"कोपरा का फाडला?"

"डिंक सांडला होता."

"डिंक," ती म्हणाली, आणि वॉचमनच्या खुर्चीत बसली. तिच्या खांद्यावर हात ठेवायचीही मला हिंमत झाली नाही.

वर आणून पाणी दिलं, चहा पुढे ठेवला. यांनी तिचं ब्लडप्रेशर दोनदा मोजलं, तेव्हा कुठे आकडा खाली आला. मग म्हणाले, "अक्का, माझ्यासाठी किती रडलात, ते तरी सांगा."

"चांदवडपर्यंत, पाव्हणे. मग वाटलं, आपणच हिचा नवरा मारतोय. मग पिंपळगावपर्यंत हिच्यासाठी रडले. तेही वंगाळ वाटलं. मग नुसती बसले."

तेवढ्यात भाच्याचा फोन आला, मी स्पीकर लावला. आई सुखरूप आहे हे कळल्यावर त्याचा आवाज मोकळा झाला. "आई, तू कार्ड बघितलंच नाय. लय फुलं हायेत आत. आता घरात घेऊ ना?"

अक्काने मला विचारलं, "कशाची फुलं?"

"झेंडूची. पंच्याहत्तर."

"लय दिवस गेले असतील."

"तीन आठवडे."

तिने मान हलवली आणि फोनकडे तोंड करून म्हणाली, "फाड."

"आई, मावशीनं इतकं..."

"कोपरा गेलेलं घरात ठेवत नसतात. फाड म्हनते ना."

"मावशी?" तो म्हणाला.

"फाड," मी म्हटलं.

कागद जाड होता आणि त्यावर फुलं दाटीने चिकटवलेली, त्यामुळे कार्ड एका झटक्यात फाटेना. आवाज थांबत थांबत येत राहिला. अक्का तो शेवटपर्यंत ऐकत बसली. मग तिने समोरचा चहा ओढून घेतला, आणि निवला आहे, पुन्हा गरम करून आण, म्हणाली.