चिंचेनं घासलेली तांब्याची नाणी

माझं माहेर नेरजवळच्या खेड्यातलं. तिथे लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवायची नाणी आदल्या दिवशी चिंच-मीठ लावून लख्ख घासतात. लग्नानंतरची पहिली दिवाळी दिग्रसला सासरी आली, आणि माझ्या अंगात नको तितका उत्साह. मामाजी, म्हणजे माझे सासरे, यवतमाळला गेले होते. त्यांच्या कपाटात कागदी पाकिटांत एकेक करून ठेवलेली तांब्याची जुनी नाणी सापडली. इतकी काळी नाणी पूजेला कशी चालायची? मी बसले घासायला. एकोणीस नाणी नव्यासारखी चमकवली आणि ताटात मांडून कौतुकाची वाट पाहू लागले.

मामाजी आले, एक नाणं कडेला धरून उचललं, "कायनं घासले?" एवढंच विचारलं आणि आत गेले. मग नवऱ्यानं सांगितलं, की तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला तो तपकिरी थरच नाण्याचा जीव, आणि तो एकदा गेला की परत येत नाही. मामाजींनी ती नाणी तीस वर्षं जमवली होती. मी स्वयंपाकघरात चिवड्याच्या डब्यापाशी बसून रडले. आता या घरात मला कशालाच हात लावू देणार नाहीत, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच हाक मारली. टेबलावर मलमलचं फडकं, वाटी आणि इन्व्हर्टरसाठी आणलेल्या डिस्टिल्ड वॉटरची बाटली.

"कायले रडतं वो पोरी? उरलेले कसे जपाचे ते शिकून घे."

बोटांचा घाम लागू नये म्हणून नाणं कडेनं धरायचं. पाण्यात नुसतं भिजू द्यायचं, चोळायचं नाही. फडक्यावर टिपून पूर्ण सुकलं की कागदी पाकिटात. अजूनही मी तसंच करते. त्याच दिवशी त्यांनी चांदीचा रुपया माझ्या हाती दिला. तो ते पोटच्या पोरालाही हाताळू देत नसत.

पुढे उन्हाळ्यात पांढरकवड्याचे एक जुने संग्राहक घरी आले. नाण्यांच्या बाबतीत मामाजी त्यांना फार मानत. ती चमकणारी नाणी पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "कोन्या येड्यानं घासले हे?"

मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले. नाण्याला बोटाचा ठसा लागला तरी चारचौघांत सुनावणारे मामाजी शांतपणे म्हणाले, "मीच घासले. मलेच अक्कल नव्हती."

पाहुणे कितीतरी वेळ त्यांना हसत राहिले, आणि मामाजीही हसले. माझ्यासाठी इतकं खोटं माहेरीसुद्धा कुणी बोललं नव्हतं.