उंदरिणींचे जवसाचे लाडू

माझी पीएच.डी. उंदरिणीच्या गर्भाशयावर होती. गोंदियात लग्नाच्या पंगतीत कुणी विषय विचारला की मी "शेतीचंच आहे काहीतरी" म्हणून भात कालवायला लागायची. खरं काम एवढंच: काही उंदरिणींचं अंडाशय काढायचं, मग त्यातल्या काहींना अंडाशयाचं हार्मोन बाहेरून टोचायचं, आणि गर्भाशय त्या हार्मोनचं काय करतं, ते फोडतं की बदलतं, हे पाहायचं. मुदत तीनदा वाढवून झाली होती. या खेपेला काही हाती लागलं नाही तर नोंदणी रद्द, आणि तिच्यामागोमाग कॉलेजातली तात्पुरती नोकरीही.

पिंजऱ्यांच्या कामावर नवेगाव बांधकडच्या एक मावशी नव्यानंच लागल्या होत्या. स्वच्छता अशी की मला माझ्या ओट्याची लाज वाटावी. धानाच्या रोवणीसाठी त्या चार दिवस गावी गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी मी गर्भाशयं काढून तपासली. बघते तर काय, हार्मोन न टोचलेल्यांचीसुद्धा टरारून फुगलेली. अंडाशय नाही म्हटल्यावर ती सुकायला हवी होती. म्हणजे गर्भाशय स्वतःच हार्मोन घडवतंय! मी गाईडना फोन लावला. ते आयुष्यात पहिल्यांदा मला "शाब्बास" म्हणाले. मी अख्ख्या स्टाफरूमला समोसे खाऊ घातले. कुणीतरी "बधाई हो" म्हणालं. कशाबद्दल, ते काही विचारलं नाही.

सोमवारी मावशी परतल्या, हातात स्टीलचा डबा.

"हे काय आणलंत?"

"जवसाचे लाडू जी. पोट फाडलेल्या बाईले नाही का देत? ह्याइले रोज चिमूटभर देऊन राहिली होती मी."

जवसात हार्मोनसारखंच वागणारं द्रव्य असतं, हे मी स्वतः वर्गात शिकवते.

"सगळ्यांना दिलेत?"

"नाही जी. ज्याइचं ऑपरेशनच नाही झालं, त्याइले कायले?"

इतका काटेकोर प्रयोग माझ्या हातून कधी झाला नव्हता.

मग मात्र माझं डोकं फिरलं. तोंडाला येईल ते बोलले. तीन वर्षं पाण्यात गेली, नोकरी गेली, कुणी सांगितला होता हा शहाणपणा. मावशींची नजर माझ्यामागच्या रिकाम्या पिंजऱ्यांवर.

"मॅडम, टाके तं भरले होते ना त्याइचे?"

"भरले होते," मी म्हणाले. खरंच, इतक्या स्वच्छ भरलेल्या जखमा मी पाहिल्या नव्हत्या.

"मंग कुठी ठेवल्या त्या?"

गर्भाशय काढून तपासायचं तर उंदरीण मारावी लागते. मावशींना हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायला खोलीत मी एकटीच होते.